रेंज सड्यावर, शेड खाली : ब्राउझरने किती करायचं, सर्व्हरने किती?

कातळफूल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आठ वर्षं पुण्यात वेबची कामं केली आणि गेल्या वर्षी घरी परत आलो. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. वाडीतल्या पाच बागायतदारांनी यंदा दलालाकडे माल न पाठवता थेट गिऱ्हाइकाला पेटी द्यायचं ठरवलं आणि त्यातलं संगणकाचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दोन गोष्टी हव्या होत्या. एक, गिऱ्हाइकाने मागणी नोंदवायची वेबसाइट. दुसरी, पॅकिंग शेडवर कुणाच्या बागेतल्या, किती डझनी, किती पेट्या भरल्या याची नोंद ठेवणारं ॲप. फेब्रुवारीत लिहून काढलं, मार्चअखेर पहिला माल निघाला आणि पंधरा दिवसांत दोन्हीकडे घोळ झाला. तो सविस्तर सांगतो, कारण त्यातूनच माझा प्रश्न निघतो.

वेबसाइट मी हाताला सवय होती तशी केली. सगळं रिॲक्टमध्ये (पानं बांधायची जावास्क्रिप्टची लायब्ररी), सगळं ब्राउझरमध्ये. सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तो दूरचा संगणक, फक्त एक रिकामं पान आणि जावास्क्रिप्टचं, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडचं, मोठं गाठोडं पाठवणार. फोनने ते उतरवायचं, वाचायचं, चालवायचं, मग सर्व्हरकडे भाव मागायचा, भाव आला की मग कुठे पान रंगवायचं, म्हणजे स्क्रीनवर उमटवायचं. माझ्या लॅपटॉपवर हे चुटकीसरशी व्हायचं. पहिल्याच आठवड्यात गिरगावातून एका आजींचा फोन आला, "अरे, नुसतंच पांढरं दिसतंय. आंबा संपला का?" नातवाने वापरून दिलेला जुना फोन त्यांच्याकडे होता. मी त्यांना फोनवर धरून ठेवलं आणि मनात आकडे मोजले. अकरा-बारा सेकंदांनी त्या म्हणाल्या, "हां, आता आलं." ज्यांनी फोन केला नाही आणि पान बंद करून टाकलं ती माणसं किती, हे मला कधीच कळणार नाही.

आता शेड. आमची वाडी उतारावर, समुद्राकडच्या बाजूला आहे. मागे कातळाचा उंच सडा. मोबाइलचा टॉवर सड्यापलीकडे, त्यामुळे रेंज मिळते ती सड्यावर. खाली शेडमध्ये कधी एक काडी, कधी तीही नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही शेडचं ॲप मी असं लिहिलं की पेटी भरली, बटण दाबलं की विनंती सर्व्हरला जाणार, सर्व्हरचं उत्तर आलं की मगच हिरवी खूण उमटणार. भाव, शिल्लक, सगळं एका जागी राहावं म्हणून.

काकांनी तीन दिवस वापरलं. देठाच्या चिकाने बोटं काळी झालेली, त्यामुळे स्क्रीनला आधीच नीट स्पर्श कळत नाही. बटण दाबलं की चक्र फिरत राहायचं. लागलं की नाही कळेना म्हणून पुन्हा दाबायचे, पुन्हा. संध्याकाळी सड्यावर रेंज मिळाली की एका पेटीच्या तीन-तीन नोंदी. चौथ्या दिवशी मी शेडवर गेलो तर फोन पेंढ्याच्या भाऱ्यावर पालथा पडला होता आणि काका एका पेटीच्या झाकणावर पेन्सिलीने रेघा मारत होते. चार उभ्या, पाचवी आडवी. प्रत्येक बागायतदाराचं वेगळं झाकण. मला म्हणाले, "संध्याकाळी घरी गेलो की घाल तुझ्या त्या मशिनीत."

तिथे उभं राहून मला लख्ख दिसलं की मी नेमकं उलटं केलंय. जिथे गिऱ्हाइकाला फक्त चार ओळी वाचून एक फॉर्म भरायचा आहे, तिथे सगळा भार त्याच्या फोनवर टाकला. आणि जिथे रेंजच नाही, तिथे प्रत्येक बोटागणिक सर्व्हरची परवानगी मागायला लावली.

तिसरी गोष्ट लाजिरवाणी आहे. "आज शिल्लक पेट्या" हा आकडा मी ब्राउझरला देऊन ठेवत होतो आणि मागणी पुरी होते का ते ब्राउझरच तपासत होता. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी दोघांना एकाच वेळी "शिल्लक २" दिसलं, दोघांनी दोन-दोन घेतल्या. एका घरी फोन करून माफी मागावी लागली.

आता मे उजाडलाय, हंगाम संपायच्या आत नीट करायचंय. माझं मत असं बनतंय : काम कुठे करायचं हे तंत्राच्या आवडीवरून ठरवू नये, ते वापरणारा माणूस कुठे उभा आहे त्यावरून ठरवावं. पण तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. तुम्ही वाटणी कशी करता?

---

वहाळ

कातळफूल, मनापासून लिहिलंत. मी रत्नागिरीत २००१ पासून याच धंद्यात आहे, त्यामुळे थोडं मागचं सांगतो. नव्या पोरांना वाटतं हा वाद आत्ताचा आहे.

आम्ही सुरुवात केली तेव्हा सगळं सर्व्हरवर व्हायचं. सर्व्हरवरची पीएचपी भाषेतली फाइल पान तयार करायची, ब्राउझर दाखवायचा, एवढंच. जावास्क्रिप्ट १९९५ पासून होती पण तिचं काम फॉर्ममध्ये रकाना रिकामा राहिला तर ओरडणं. पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरशी बोलायची सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आली, ती मायक्रोसॉफ्टला आउटलुक ब्राउझरमध्ये चालवायचं होतं म्हणून. तिची खरी ताकद लोकांना दिसली ती २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आल्यावर. नकाशा माउसने ओढला की पुढचा तुकडा आपोआप येतोय, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रात्रभर झोपलो नव्हतो.

त्यानंतर लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. २०१० मध्ये ट्विटरने आपली साइट पूर्णपणे ब्राउझरमध्ये पान रंगवणारी केली. दोन वर्षांत, २०१२ मध्ये, त्यांनी पहिलं पान रंगवायचं काम परत सर्व्हरवर नेलं आणि जाहीरपणे सांगितलं की पहिलं पान उघडायचा वेळ आधीच्या एक पंचमांशावर आला. ही गोष्ट तेव्हा सगळ्यांनी वाचली. तरी २०१३ मध्ये रिॲक्ट आलं आणि पुढची काही वर्षं आपण सगळ्यांनी रिकामी पानं पाठवली. मग २०१६ मध्ये रिॲक्टची पानं सर्व्हरवर रंगवून देणारं नेक्स्ट आलं, २०२० च्या डिसेंबरात रिॲक्टवाल्यांनीच सर्व्हर कंपोनंटची, म्हणजे पानाचे काही भाग फक्त सर्व्हरवरच चालवायची, कल्पना मांडली. म्हणजे तेही फिरून सर्व्हरकडेच आले.

माझा शिरस्ता साधा आहे. सुरुवात सर्व्हरवरून करायची. पान तयार एचटीएमएल म्हणून, म्हणजे ब्राउझरला थेट दाखवता येईल अशा मजकुरात, जाऊ दे. फॉर्म हा खराखुरा एचटीएमएल फॉर्म असू दे, जावास्क्रिप्ट उतरली नाही तरी "मागणी नोंदवा" दाबल्यावर मागणी नोंदली गेलीच पाहिजे. मग जिथे खरंच हात अडतो तिथे, आणि तिथेच, जावास्क्रिप्ट घालायची. तुमच्या गिऱ्हाइकाच्या पानाला डझनी, पत्ता, तारीख आणि भाव एवढंच हवंय. हे पान दहा-बारा केबीत बसायला हरकत नाही.

आणि दहा-बारा केबी उगाच म्हणत नाही. नवीन जोडणी झाली की सर्व्हर पोच यायची वाट न बघता पहिल्या झटक्यात डेटाची साधारण दहा पाकिटं (पॅकेट) पाठवतो, म्हणजे सुमारे १४ केबी. २०१३ पासून हे प्रमाण रूढ आहे. तुमचं दाबून लहान केलेलं पान त्यात बसलं तर एका फेरीत सगळं गिऱ्हाइकाच्या हातात. गाठोडं एक एमबीचं असेल तर कितीतरी फेऱ्या. वर जुन्या फोनला ते वाचून चालवायचा ताप वेगळा, आणि तो ताप चांगली रेंज असली तरी कमी होत नाही.

---

दीपगृह

वहाळ यांना अनुमोदन. एकच भर : सर्व्हर कुठे आहे तेही बघा. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे सगळं आदर्श धरलं तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत नसते. त्यात जोडणीची एक फेरी, जोडणी सुरक्षित करणाऱ्या टीएलएस १.३ ची एक, मग मागणीची एक. सर्व्हरवर काम न्यायचं आणि सर्व्हर अमेरिकेत ठेवायचा हे जमत नाही. मुंबईत घ्या.

---

अबोली

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला रिॲक्टच शिकवतात. वहाळकाका, सर्व्हरवर रंगवूनसुद्धा नेक्स्टमध्ये केलेलं माझं पान माझ्या आईच्या फोनवर दिसतं लगेच, पण बटण दाबलं तर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. असं का?

---

वहाळ

अबोली, फार चांगलं निरीक्षण. त्याला हायड्रेशन म्हणतात. सर्व्हरने पाठवलेलं पान चित्रासारखं असतं, बटण दिसतं पण त्यामागे तार जोडलेली नसते. मग तेच पान तयार करणारी जावास्क्रिप्ट पुन्हा फोनवर उतरते, सगळा हिशेब पुन्हा करते आणि प्रत्येक बटणाला तार जोडत जाते. तोवर बटण मुकं. म्हणजे एकच काम दोनदा झालं, एकदा सर्व्हरवर, एकदा आईच्या फोनवर.

आईच्या फोनवर हे तपासलंस, ते फार मोलाचं आहे. असंच करत राहा. गूगलने मार्च २०२४ पासून पानाच्या मोजमापात आयएनपी (इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट) धरायला सुरुवात केली, ती हीच गोष्ट मोजते : बोट लागल्यापासून स्क्रीनवर काहीतरी हलेपर्यंत किती वेळ. २०० मिलिसेकंदांच्या आत असावं असं मानतात. उपाय एवढाच की ज्या भागाला तार लागतच नाही, म्हणजे मजकूर, फोटो, भावपत्रक, त्याची जावास्क्रिप्ट पाठवूच नये.

---

भरती_ओहोटी

वहाळदादा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण धाग्याचा अर्धा भाग तुम्ही सोडून दिलात. शेडचं काय? तिथे तयार एचटीएमएल पाठवायलाही रेंज नाही.

मी मच्छीमार सोसायटीसाठी ॲप केलंय. बर्फ किती घेतला, डिझेल किती, मासळी कुठली किती टोपल्या, हे बोटीवरच नोंदायचं. किनारा मागे पडला की फोन म्हणजे नुसता डबा. तिथे सर्व्हर हा बंदरात परत आल्यावर भेटणारा माणूस आहे. सगळं काम फोनमध्येच झालं पाहिजे : पान सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणारा कोड) फोनमध्ये जपून ठेवलेलं, नोंदी इंडेक्स्डडीबीमध्ये (ब्राउझरमधलाच डेटाबेस), आणि बटण दाबल्याक्षणी हिरवी खूण. सर्व्हरची वाट बघायचीच नाही.

पण कातळफूल, एवढं करून भागत नाही. पुढची ठेच मला लागली ती तुम्हाला लागू नये म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या काकांनी पेटीच्या झाकणावर काय केलं ते परत बघा. त्यांनी "आज एकूण ४०" असं लिहून, खोडून, मग ४१ लिहिलं नाही. रेघा मारल्या. प्रत्येक पेटीची वेगळी रेघ. बेरीज संध्याकाळी. मी सुरुवातीला याच्या उलट केलं होतं, फोन सर्व्हरला एकूण आकडा पाठवायचा. एका बोटीवर दोन फोन. एकाकडे टोपल्या १८, दुसऱ्याकडे १५, दोघांनी वेगवेगळ्या टोपल्या मोजलेल्या. बंदरात आल्यावर पहिल्याने १८ लिहिलं, दुसऱ्याने त्यावर १५ लिहिलं. तेहतीस टोपल्यांच्या पंधरा झाल्या आणि तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, मला जेटीवर सगळ्यांसमोर विचारलं, "बाकीची मासळी समुद्रात टाकली काय?" त्या दिवसापासून आकडा पाठवायचा नाही, नोंद पाठवायची. "अमक्याच्या बागेतली पाच डझनी पेटी भरली", बस. बेरीज सर्व्हर करेल.

दुसरं. प्रत्येक नोंदीला जन्मतःच एक ओळखक्रमांक द्या, तोही फोननेच, यूयूआयडी (कुठेही पुन्हा येणार नाही असा लांबलचक क्रमांक) चालेल. का? विनंती सर्व्हरला पोचली, नोंद झाली, पण उत्तर परत येताना रेंज गेली. फोनला कसं कळणार? विनंती वाटेत हरवली की उत्तर हरवलं, दोन्ही फोनला सारखंच दिसतं. मग तो पुन्हा पाठवणार, आणि पाठवलंच पाहिजे. क्रमांक तोच असेल तर सर्व्हर म्हणतो, "ही माझ्याकडे आहे", आणि दुसऱ्यांदा लिहीत नाही. बटण दाबल्याक्षणी हिरवी खूण आणि हा क्रमांक, काकांच्या तीन-तीन नोंदींचं औषध ही जोडी.

तिसरं. फोन "ऑनलाइन आहे" म्हणाला तर विश्वास ठेवू नका. नेटवर्कला चिकटलोय एवढंच तो सांगतो. तुमच्या शेडमधल्या एका काडीवर तो दिवसभर ऑनलाइनच म्हणेल आणि एक बाइट जाणार नाही. पाठवून बघायचं, ठरावीक सेकंदांत उत्तर नाही आलं तर सोडून द्यायचं, थोडं थांबून परत.

माझं म्हणणं एका ओळीत : सर्व्हरकडे झुकायचं हा कायदा होऊ शकत नाही. ज्याला रोज रेंज आहे त्याने केलेला तो कायदा आहे.

---

वहाळ

मान्य. शेडबाबत माझा विचार झाला नव्हता. झाकणावरच्या रेघांचं तुम्ही जे उलगडून सांगितलंत ते मी उद्या ऑफिसात मुलांना सांगणार आहे.

---

तिरफळ

माझा तारकर्लीला होमस्टे आसा, चार खोल्यो. मी प्रोग्रामर नाय, पण ह्यो धागो पुरो वाचलंय. लिहिताना आता मराठीतच लिहिते.

माझी अडचण शेवटच्या दोन पेट्यांसारखीच आहे. ख्रिसमसच्या आठवड्यात एकाच खोलीवर दोन कुटुंबं आली होती. एकाने वेबसाइटवरून पैसे भरले होते, दुसऱ्याने सुद्धा. लहान मुलं घेऊन रात्री नऊला दारात उभी. शेवटी आम्ही आमची झोपायची खोली दिली आणि ओटीवर झोपलो. ज्याने वेबसाइट बनवली तो म्हणतो कॅलेंडर "रिअल टाइम" आहे. मग असं कसं झालं? आणि याच्या उलटही होतं, पैसे कापले जातात आणि माझ्याकडे बुकिंगच दिसत नाही.

---

कातळफूल (धागाकर्ता)

तिरफळताई, वाचून पोटात कालवलं.

कॅलेंडर कितीही ताजं असलं तरी पाहुण्याच्या फोनवर जे दिसतं ते काही क्षणांपूर्वीचं असतं. माझी चूक तीच होती. ब्राउझरने "शिल्लक आहे" असं दाखवावं, पण ठरवू नये. मी आता असं केलंय : डेटाबेसला एकाच वाक्यात सांगायचं, "शिल्लक दोन किंवा जास्त असेल तरच दोन वजा कर." बघणं आणि वजा करणं वेगळं ठेवायचंच नाही. आधी बघितलं, मग वजा केलं, की मधल्या फटीत दुसरा घुसतो. एका वाक्यात केलं की डेटाबेस एकाला आत घेतो, दुसऱ्याला सांगतो, "बदललेल्या ओळी शून्य". त्याला लगेच "संपल्या" असं दाखवायचं. खोलीचंही तसंच, खोली आणि तारीख ही जोडी एकदाच नोंदली जाईल अशी अट डेटाबेसमध्येच घालायला सांगा. मग कुणी कसंही पान लिहिलं तरी दुसरी नोंद आत येणारच नाही.

पैसे भरायला वेळ लागतो, म्हणून पाहुण्याने "बुक करा" दाबलं की सर्व्हरने खोली दहा-पंधरा मिनिटं त्याच्या नावावर धरून ठेवायची, पैसे नाही आले तर आपोआप मोकळी. घड्याळ सर्व्हरचं.

पैसे कापले आणि बुकिंग नाही, याचं कारण बहुधा असं : पाहुणा यूपीआयच्या ॲपमध्ये गेला, पैसे भरले आणि तिथूनच फोन खिशात टाकला. ब्राउझर तुमच्या साइटवर परत आलाच नाही. तुमची साइट त्या परतीच्या पानावर अवलंबून असेल तर तिला कळतच नाही. पैशाची खबर पेमेंट गेटवेच्या सर्व्हरने थेट तुमच्या सर्व्हरला द्यायची असते, त्याला वेबहुक म्हणतात. ती सोय गेटवेकडे असतेच. बनवणाऱ्याला विचारा की ती जोडली आहे का.

---

तिरफळ

विचारलं. जोडलेली नव्हती. आता जोडतोय म्हणाला. देव बरे करो.

---

रातांबा

माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं, पनवेलला असते. वाटणीबद्दल सगळे वेगाच्या आणि रेंजच्या अंगाने बोलताय. तिसरं अंग विश्वासाचं आहे.

ब्राउझर हा परक्याच्या घरात चालतो. तिथे जे पाठवलं ते त्याचं झालं, तो वाचू शकतो, बदलू शकतो. एका दुकानाच्या साइटची तपासणी मी केली होती, त्यात वस्तूचा भाव फॉर्ममध्ये लपवलेल्या रकान्यात होता आणि सर्व्हर तोच खरा धरत होता. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून मी तिथे १ लिहिलं आणि एक रुपयाचं बिल तयार झालं. कातळफूल, तुमच्या पानाने सर्व्हरला फक्त "पाच डझनी, दोन पेट्या" एवढंच सांगायचं. भाव, सूट, पाठवणीचा खर्च, एकूण, हे सगळं सर्व्हरने स्वतःच्या वहीतून काढायचं. फोनवर एकूण दाखवायची असेल तर खुशाल दाखवा, पण ती गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी.

तपासणीही दोनदा करा आणि ती दुप्पट मेहनत समजू नका. पिनकोड सहा आकडी आहे का, हे फोनने लगेच सांगितलं तर गिऱ्हाइकाची फेरी वाचते. तेच सर्व्हरने परत तपासलं तर तुमची वही वाचते. दोन्हींचं कारण वेगळं आहे. आणि कुठलीही गुप्त किल्ली, एसएमएसची असो की पेमेंटची, ब्राउझरच्या गाठोड्यात घालू नका. कोड कितीही गिचमीड करून पाठवला तरी ती शोधायला पाच मिनिटं लागतात.

शेडच्या ॲपबद्दल एक शंका : नोंदीची वेळ तुम्ही फोनच्या घड्याळावरून घेताय का? बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला आणि रेंज नसताना चालू केला की जुन्या फोनांची घड्याळं भलतीच तारीख दाखवतात. फोनची वेळ ठेवा, पण सर्व्हरला पोचल्याची वेळही शेजारी ठेवा, आणि फोनने स्वतःचा अनुक्रमांक द्यावा, १, २, ३. क्रम त्यावरून लावा.

---

भरती_ओहोटी

रातांबाताई, अगदी बरोबर. २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. सगळे फोन मेले आणि नंतर जिवंत झाले तेव्हा काहींच्या तारखा वेगळ्याच. अनुक्रमांक होता म्हणून हिशेब लागला.

आयफोन वापरणारं कुणी असेल तर अजून एक. सफारीमध्ये २०२० पासून नियम आहे : सफारीच्या वापराचे सात दिवस जाऊनही एखाद्या साइटला बोट लागलं नाही, तर तिने फोनमध्ये साठवलेला मजकूर पुसला जातो. पावसाळी बंदीत बोटी नांगरलेल्या असतात, कुणी ॲप उघडत नाही, आणि न पाठवलेली नोंद राहिली असेल तर गेली. साइट होम स्क्रीनवर टाकून वापरली की हा फटका बसत नाही. मागच्या मागे नोंदी पाठवायची जी सोय क्रोममध्ये आहे, ती सफारीत आणि फायरफॉक्समध्ये नाही. म्हणून ॲप उघडल्यावर, आणि उघडं असेपर्यंत अधूनमधून, स्वतःच पाठवायचा प्रयत्न करायचा. "न पाठवलेल्या नोंदी : ७" असा आकडा कायम वर दिसू द्या. काकांना तो शून्य झालेला बघायची सवय लागेल.

---

अबोली

म्हणजे परीक्षेत "क्लायंट साइड (म्हणजे ब्राउझरमध्ये) चांगलं की सर्व्हर साइड" असा प्रश्न आला तर काय लिहायचं? आमच्या पुस्तकात दोन रकाने करून फायदे-तोटे दिलेत.

---

रातांबा

परीक्षेत पुस्तकातलं लिही, मार्क हवेत. काम करताना मात्र तंत्रांचे रकाने करू नकोस, प्रत्येक लहान कामाला वेगळं विचार : हे चुकलं तर कुणाचं नुकसान? हे करताना माणसाला रेंज असेल का? हे गुपित आहे का? एकाच पानावरच्या तीन बटणांची उत्तरं तीन निघतील.

---

कातळफूल (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. आठ दिवस लिहिलं नाही कारण दिवसभर तोड आणि रात्री कोड. जे झालं ते सांगतो.

गिऱ्हाइकाचं पान पूर्ण नव्याने केलं. सर्व्हर तयार एचटीएमएल देतो, फॉर्म साधा, जावास्क्रिप्ट फक्त डझनी बदलली की एकूण दाखवण्यापुरती. फोटो सोडले तर पान १४ केबीच्या आत आलं. फोटो मात्र मी काढले नाहीत. पेंढ्यातला आंबा न बघता कुणी पेटी घेत नाही. तो मजकुराच्या नंतर येतो, आणि त्याची जागा आधीच राखून ठेवली आहे म्हणजे वाचताना ओळी उडी मारत नाहीत. सर्व्हर मुंबईचा घेतला.

शेडचं ॲप भरती_ओहोटींनी सांगितलं तसं. बटणं मोठी केली, अंगठ्याने लागतील एवढी, आणि बटण लागलं की फोन थरथरतो, कारण चिकाच्या बोटांनी काम करताना काका स्क्रीनकडे बघत नाहीत, पेटीकडे बघतात. आयफोनवर ब्राउझरमधून ती थरथर जमत नाही, पण शेडवर सगळे अँड्रॉइडच आहेत. पहिल्या दिवशी मी मुद्दाम काकांचा फोन विमान मोडवर टाकून दिला. संध्याकाळपर्यंत ६३ नोंदी. घरी जाताना आम्ही सड्यावर थांबलो, मोड काढला, वरचा आकडा ६३ वरून खाली येत येत शून्य झाला. काकांनी खिशातून झाकणाचा पुठ्ठा काढला. त्यांनी त्या दिवशीही रेघा मारल्या होत्या. मोजल्या, त्रेसष्टच.

एक गोष्ट मात्र सुटली नव्हती. परवा काका आणि माझा चुलतभाऊ, दोघांनी एकच पेटी आपापल्या फोनवर नोंदवली. काकांनी भरली म्हणून, भावाने टेम्पोत चढवताना राहून गेली असेल म्हणून. दोन वेगळे फोन, दोन वेगळे यूयूआयडी, सर्व्हरच्या दृष्टीने दोन पेट्या. मी दोन रात्री असं काही लिहायचा प्रयत्न केला की जवळजवळच्या वेळेच्या, त्याच बागेच्या, तेवढ्याच डझनी नोंदी एक धराव्यात. मग एका सकाळी काकांनी खरोखरच दोन मिनिटांत दोन सारख्या पेट्या भरल्या आणि माझ्या हुशारीने त्यातली एक गिळली. ते काढून टाकलं.

आता प्रत्येक पेटीवर भरतानाच खडूने क्रमांक पडतो आणि नोंदीत तो लिहावा लागतो. एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी आल्या तर सर्व्हर काहीही पुसत नाही. दोन्ही ठेवतो आणि रात्री काकांच्या फोनवर तेवढीच यादी दाखवतो : पेटी २१४, दोनदा, कोण कोण, किती वाजता. काका चष्मा लावून बघतात, भावाला हाक मारतात आणि त्यातली एक खोडतात.